ड्रुपल ७ सोडताना जुनी कस्टम मॉड्यूल्स उतरवायची की टाकायची?

तिरफळ
ड्रुपल या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. तरी साइट तिथेच ठेवली जाते, कारण स्वतःची लिहून घेतलेली मॉड्यूल्स, म्हणजे साइटला जोडलेले कोडचे भाग, हलवायची कशी हे ठरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: १० किंवा ११ वर जाताना ती ओळीमागून ओळ नव्या आवृत्तीत उतरवू नका. आधी टाकून द्या, मग ज्याच्यावाचून खरंच अडेल तेवढंच नव्याने लिहा.

ड्रुपल ८ पासून पायाच बदलला. पानांचे पत्ते आणि मेन्यू नोंदवणारा हुक_मेन्यू गेला, त्याचं काम राउटिंग, मेन्यू लिंक आणि टॅबच्या वेगवेगळ्या वायएएमएल (सेटिंगच्या मजकुरी) फायलींत वाटलं गेलं. सेटिंग वाचणाऱ्या व्हेरिएबल_गेटच्या जागी कॉन्फिग (सेटिंग) आणि स्टेट (साइटची चालू अवस्था) अशी दोन खाती आली. डेटाबेसला प्रश्न विचारणारं डीबी_क्वेरी ९ मध्ये काढूनच टाकलं. कोड आपोआप सुधारणारं ड्रुपल रेक्टर ८ पासून पुढच्या कोडसाठी आहे, ७ च्या कोडला त्याचा उपयोग नाही. जुनं मॉड्यूल बदलून देणारा मॉड्यूल अपग्रेडर सांगाडा करून देतो आणि अडेल तिथे ‘फिक्समी’ (हे दुरुस्त करा) लिहून पुढे जातो. दुसरीकडे याद्या बनवणारं व्ह्यूज, मीडिया लायब्ररी, लेआउट बिल्डर आता कोअरमध्येच, म्हणजे मूळ ड्रुपलमध्येच, आहेत. निम्मा जुना कोड याच उणिवा भरायला लिहिलेला असतो.

सह्यकडा
ठाम असहमत. वर्गणी कधी संपते, कुणाला सवलत लागू होते, मसुदा कुणी मंजूर करायचा, हे नियम बहुतेक वेळा त्या मॉड्यूलशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात. कोड टाकला की नियमही गेले.

बॅकड्रॉपचा विचार का करत नाही? ड्रुपल ७ मधूनच फुटलेली शाखा, पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ ची. हुक_मेन्यू तसाच आहे. मॉड्यूलच्या इन्फो फाइलमध्ये प्रकार आणि बॅकड्रॉपची आवृत्ती लिहायची, व्हेरिएबलच्या जागी जेसन फायलींतलं कॉन्फिग वापरायचं. जुन्या ड्रुपल-नावाच्या फंक्शनांसाठी सुसंगततेचा थर आहे. डेटाबेसच्या प्रतीवर अपडेट चालवलं की आशय जागेवरच बदलतो, वेगळं मायग्रेशन (आशय हलवणारा कोड) लिहावं लागत नाही. एक माणूस सांभाळत असलेल्या साइटला हेच परवडतं.

तिरफळ
परवडतं, पण ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या ८ व्या आवृत्तीचा हिशेब तिथेही चुकत नाही. ईच आणि क्रिएट_फंक्शन ही फंक्शनं ८.० मध्ये गेले. मोजणाऱ्या काउंटला नल (काहीच नाही) दिलं तर पूर्वी इशारा यायचा, आता पान कोसळतं. शून्य आणि अक्षरांची स्ट्रिंग यांची तुलना पूर्वी खरी निघायची, आता खोटी निघते, आणि ही चूक कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही. शिवाय पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांना बॅकड्रॉपचा रस्ता बंदच.

नियम जपायचे ही गोष्ट मात्र मान्य. त्यासाठी फंक्शनं नको, नियमांची यादी काढा आणि प्रत्येकाची टेस्ट आधी लिहा.

पिंपळपान
दोघेही फक्त कोडवर बोलताय. १० वर जाताना खरी मोडतोड होते ती थेट एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला लिहिलेल्या क्वेऱ्यांत. ७ मध्ये लेखाचं शीर्षक ‘नोड’ टेबलात होतं, ८ पासून ते ‘नोड_फील्ड_डेटा’त आहे. सदस्याचं नाव तसंच ‘युजर्स_फील्ड_डेटा’त गेलं. म्हणून अशी टेबलं वाचणाऱ्या जुन्या क्वेऱ्या आधी शोधा. ‘यूएनडी’ (भाषा ठरलेली नाही) हा भाषेचा कोड मध्ये घालून फील्ड वाचणाऱ्या ओळीही त्याच वेळी निघतील.

नव्या साइटवर मायग्रेशनआधी एकही लेख घालू नका. लेखांचे जुने क्रमांक तसेच येतात, मधे नवा लेख असला तर त्याच्यावर जुना चढतो. पासवर्डसाठी १०.१ पासून पीएचपास हे कोअरमधलंच मॉड्यूल चालू ठेवावं लागतं, नाहीतर जुन्या सदस्यांना लॉगिनच करता येत नाही.

मराठी साइटला आणखी एक फटका: पानांचे पत्ते बनवणाऱ्या नव्या पाथऑटो मॉड्यूलमध्ये लिप्यंतर मुळातच चालू असतं. ‘पावसाळी भटकंती’ या लेखाचा देवनागरी पत्ता पुन्हा तयार केला की रोमन होतो आणि बाहेरून आलेले दुवे तुटतात. लिप्यंतर आधी बंद करा, जुने पत्ते मायग्रेशनमधूनच आणा, आणि सगळे पत्ते एकदम नव्याने बनवायचं बटण दाबू नका.

सह्यकडा
हे सगळं पटलं. पण याचाच अर्थ १० वर जाणं म्हणजे नवी साइट बांधणं, आणि तेवढा वेळ धरूनच निर्णय व्हावा. कॅशचंही, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या प्रतींचंही, त्यात धरा. ७ मधला ‘ताजे प्रतिसाद’ ब्लॉक दर वेळी नव्याने बनायचा. आता त्याला कॅश टॅग (काय बदललं की प्रत टाकायची ते) दिला नाही तर तो शिळा दिसतो, आणि ‘तुमचे लेख’ या ब्लॉकला सदस्याचा कॅश काँटेक्स्ट (प्रत कुणासाठी वेगळी ठेवायची ते) दिला नाही तर एकाची यादी दुसऱ्याला दिसू शकते. कॅशचं कमाल वय शून्य ठेवलं की झालं, हाही गैरसमज आहे: लॉगिन न केलेल्या वाचकांसाठीचा पेज कॅश ते जुमानत नाही.

तिरफळ
म्हणूनच असा ब्लॉक उतरवू नका म्हणतोय. ‘ताजे प्रतिसाद’ व्ह्यूजमध्ये केला तर कॅश टॅग आपोआप लागतात. हाताने लिहायचं ते वर्गणीच्या नियमांसारखं.