मदत हवी आहे: सहा महिने पुण्यात, सहा महिने न्यू जर्सीत, दोन्हीकडच्या गाड्यांचा विमा कसा ठेवावा?

नमस्कार.

मी आणि माझी पत्नी दोघेही निवृत्त आहोत. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यापासून आम्ही साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिच्याजवळ आणि उरलेले वर्ष पुण्यात असतो. पुण्यात माझ्या नावावर २०१६ सालची १२०० सीसीची पेट्रोल गाडी आहे. एडिसनला एक जुनी सेडान आहे, तीही माझ्याच नावावर. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही दिवशी एक गाडी वापरात असते, दुसरी नुसती उभी असते आणि हप्ता मात्र दोन्हींचा चालू असतो.

आधी एक चूक सांगतो, कारण प्रश्न तिच्यातूनच आला आहे. २०२४ साली पुण्याच्या गाडीची पॉलिसी जूनच्या सुरुवातीला संपली. स्मरणाचे संदेश माझ्या भारतातल्या नंबरवर येत राहिले आणि तो फोन पुण्यातल्या कपाटात बंद होता. ऑक्टोबरमध्ये परतल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तेव्हा पॉलिसी संपल्यानंतर बोनस टिकवण्यासाठी असलेली नव्वद दिवसांची मुदत उलटून गेली होती. त्यामुळे पाच वर्षे एकही दावा न करता मिळवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (म्हणजे हप्त्यातली सवलत) गेला, गाडीची नव्याने तपासणी करून घ्यावी लागली आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता जवळपास दुप्पट झाला. पैशांपेक्षा अधिक मनाला लागले ते वेगळेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले, त्या दिवशी आमची गाडी तिथून फार लांब नसलेल्या एका तळघरातल्या पार्किंगमध्ये विम्याविना उभी होती. आमच्या सोसायटीत पाणी आले नाही, एवढेच.

तेव्हापासून एक गोष्ट मला पटली आहे. उभ्या गाडीला विमा कमी लागतो असे आपण सहज म्हणतो, पण आमचा संपूर्ण पावसाळा अमेरिकेत जातो, त्यामुळे पुण्याच्या गाडीला खरा धोका ती उभी असतानाच आहे. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरती, पॉलिसी ठेवली (१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि वर कर), तर कायद्याची गरज भागते, परंतु पूर, आग, चोरी किंवा अंगावर पडलेले झाड यांपैकी कशाचेही पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीतही पाण्यात बुडालेली गाडी कुणी सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर इंजिन प्रोटेक्शनची जोड (इंजिनासाठी जादा हप्ता भरून घेतलेले संरक्षण) नसल्यास तो खर्च सहसा नाकारला जातो. माझा पुतण्या दर पंधरा दिवसांनी गाडी काढून एक फेरी मारतो; त्याला मी बजावून ठेवले आहे की, पाणी चाकाच्या वर गेलेले दिसले तर किल्लीला हात न लावता गाडी ओढून न्यायची. त्याच्याकडे वैध परवाना असल्याने त्याने चालवण्याला पॉलिसीची हरकत नाही. सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा मात्र मालक-चालकापुरताच असतो, हेही त्याला सांगितले आहे.

आता पुण्याच्या गाडीविषयी माझे प्रश्न. गाडी दहा वर्षांची झाली असताना तिला इंजिन प्रोटेक्शन देणारी कंपनी कुणाला मिळाली आहे का? विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ मध्ये परवानगी दिलेली, किलोमीटरवर आधारित ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ जोड कुणी घेतली असल्यास, ठरवून दिलेले किलोमीटर संपल्यानंतर उभ्या गाडीचे पूर आणि चोरीपासूनचे संरक्षण चालू राहते की तेही थांबते? आमची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते, त्यामुळे ही जोड सोयीची वाटते. पण तिची सवलत थर्ड पार्टीच्या हप्त्याला लागू होत नाही आणि नेमक्या अटी प्रत्यक्ष दावा केलेल्या माणसाकडूनच कळतील.

न्यू जर्सीची अडचण उलट आहे. तिथे गाडीची नोंदणी चालू असेपर्यंत लायबिलिटी विमा (इतरांना झालेल्या इजेचा आणि नुकसानीचा) खंडित ठेवता येत नाही. पॉलिसी रद्द करायची असेल तर आधी नंबरप्लेट मोटर व्हेइकल कमिशनकडे जमा कराव्या लागतात. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून निघणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या पॉलिसींसाठी या विम्यातली इजेच्या भरपाईची किमान मर्यादा एका व्यक्तीला ३५,००० डॉलर आणि एका अपघाताला ७०,००० डॉलर झाली आहे. हिवाळ्यात गाडी मुलीच्या ड्राइव्हवेवर बर्फाखाली उभी असते. त्या काळात प्लेट जमा करून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह भाग (चोरी, आग, हवामान अशा टकरीखेरीजच्या नुकसानीचा) ठेवण्याची व्यवस्था कुणी केली आहे का, आणि वसंतात पुन्हा पूर्ण विमा घेताना मधला काळ खंड मानून हप्ता वाढवला गेला का?

दुसरा पर्याय मुलीने सुचवला आहे: सेडान विकायची आणि आम्हा दोघांची नावे तिच्या पॉलिसीत चालक म्हणून घालायची. मला भीती अशी की, तिथला सलग विम्याचा इतिहास माझ्या नावाने राहणार नाही आणि पुढे कधी वेगळी गाडी घेतली तर नवशिक्यासारखा दर लागेल. स्वतःची गाडी नसलेल्या चालकासाठीच्या नॉन-ओनर पॉलिसीचीही चौकशी केली, पण ती सहसा त्याच घरात राहणाऱ्याच्या गाडीला चालत नाही, म्हणजे आमच्या उपयोगाची दिसत नाही. जे अनेक वर्षे असे ये-जा करत आहेत, त्यांनी यातले काय निवडले आणि कंपनीला वर्षातील गैरहजेरी कोणत्या शब्दांत कळवली, हे सविस्तर सांगितलेत तर फार उपकार होतील.

आमचे परतीचे तिकीट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याचे आहे आणि एडिसनच्या गाडीच्या पॉलिसीचे नूतनीकरण सप्टेंबरअखेर येते, त्यामुळे न्यू जर्सीबद्दलची माहिती कृपया आधी द्यावी.