मदत हवी आहे: सोसायटीतले सुरक्षारक्षक, पीएफ आणि करार

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत एजन्सीचे रक्षक बारा तास ड्युटी करतात, मस्टरवर मात्र आठच तास लागतात. बेसमेंट पार्किंगमधल्या काकांना दिवसभर धुरात उभं राहावं लागतं, साधी खुर्ची नाही. रात्री गाड्या लावून देताना अंगात चमकणारं जॅकेटही नसतं. पगारातून पीएफ कापतात, पण यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) कुणालाच माहीत नाही! एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे, तो मी पाहिला. पण 1981 च्या महाराष्ट्र सुरक्षारक्षक कायद्याचं काय? त्या कायद्याखालच्या सुरक्षारक्षक मंडळाची नोंदणी किंवा त्यातून मिळालेली सूट कुठे तपासायची? एजन्सीने पीएफ थकवला तर तो सोसायटीच्या गळ्यात येऊ शकतो, म्हणून दरमहा बिलासोबत पीएफ भरल्याचं चलन आणि ईसीआर, म्हणजे कुणाच्या नावे किती पीएफ भरला याची यादी, मागायचा विचार आहे. करारात ही अट कशी घालावी? कुणाकडे मसुदा असल्यास कृपया द्या. माणसं फार चांगली आहेत, त्यांची नोकरी जाता कामा नये.