सिल्क पेंटिंग: गट्ट्याची रेघ ओलांडून रंग पसरतोय, आणि वाफ घरी कशी द्यायची?

रेशीमवेडी:
नमस्कार मंडळी, आईसाठी भंडाऱ्याच्या टसरचा स्टोल रंगवायला घेतलाय, स्टीम-फिक्स डाय (वाफेने पक्के होणारे रंग) आणले, पाण्यातला गट्टा (रंग अडवायला ज्याची रेघ मारतात ती पेस्ट) आणला, फ्रेमवर कापड अगदी कडक ताणलं, तरी पारिजातकाच्या देठातला केशरी पाकळ्यांत झिरपतोच. डाय पातळ झालाय की कापडच चुकलंय? आणि घरी वाफ देता येते का, की इस्त्रीवर भागतं?

निळीशाई:
टसरचं सूत जाडबारीक असतं गं, रेघ वरून छान दिसते पण खालपर्यंत पोचत नाही आणि डाय सूत धरून पळतो. कापड उजेडासमोर धर, उलट्या बाजूनेही रेघ सलग दिसायला हवी, एवढीशी फट राहिली तरी रंग तिथूनच निघतो. तिथे मागून परत रेघ मार, पूर्ण वाळू दे. ब्रश रेघेला लावूच नकोस, पाकळीच्या मध्ये टेकव, रंग स्वतःच कडेपर्यंत चालत जातो, मला तर ते बघायलाच सगळ्यात आवडतं! हात बसेपर्यंत ८ मॉमीचं (मॉमी म्हणजे रेशमाच्या वजनाचं माप) हबोताई घे, ते साधं विणलेलं रेशीम, गुळगुळीत आणि पांढरं. टसरच्या बदामी रंगावर फिके रंग मळकट दिसतात.

चैत्रपालवी:
जपानात क्योटोच्या युझेन (रेघेने रंग अडवून रंगवलेल्या) किमोनोंवर १७व्या शतकाच्या शेवटापासून हीच युक्ती आहे, फक्त गट्ट्याऐवजी चिकट तांदळाची पेस्ट, आणि रंग पसरू नये म्हणून कापडाला आधी सोयाबीनचं पाणी लावतात. काय सुंदर काम असतं ते!

मावशी_नाशिक:
इस्त्रीवाले रंग वेगळे, ते पिगमेंट, कापडाच्या वर बसतात आणि स्पर्श जरा कडक होतो. तुझे डाय धाग्याच्या आत जातात, त्यांना वाफच हवी, नुसती इस्त्री करून धुतलंस तर बराच रंग पाण्यात जाईल. स्टोल कोऱ्या न्यूजप्रिंटमध्ये गुंडाळ, कापडाला कापड चिकटू देऊ नकोस, मोदकपात्रात पाण्यापासून उंच जाळीवर ठेव, झाकणाला आतून जाड टॉवेल बांध कारण वरून थेंब पडला की डाग कायमचा. दीड-दोन तास, मधूनमधून पाणी बघत राहा. आणि ते पात्र मग रंगाचंच, त्यात परत मोदक अजिबात करायचे नाहीत.

रेशीमवेडी:
उजेडात धरलं, देठापाशी फट आहेच!! बॅकग्राउंडला नक्षी उमटावी म्हणून ओल्या रंगावर मीठ टाकलं तर चालेल ना?

निळीशाई:
चालेल, खडेमीठ घे, पण रंग ओला चकचकीत असतानाच टाक, नंतर काही होत नाही. वाळल्यावर कण न् कण झटक आणि मगच वाफेला लाव. टसरवर नक्षी जरा पुसटच येते, आधी कात्रणावर बघ.