तंबोऱ्याच्या कारागिराने आज नवीन काय शिकावे?

प्रश्न : सतारमेकर गल्ली

नमस्कार. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घरात माझा जन्म झाला. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर गेली तीन वर्षे मी वडिलांच्या हाताखाली काम करतो आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा पारखणे, तो कापून त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवणे, तुणीच्या लाकडाची दांडी जोडणे, हे आता जमते; जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून तारेला गुंजणारा नाद देणे, मात्र अजून हाताला येत नाही.

मध्यंतरी एका प्रशिक्षण वर्गाला गेलो होतो. नवकल्पना म्हणून तिथे आम्हांला दिवाणखान्यात ठेवायची शोभेची छोटी वाद्ये बनवायला सांगितले. वडिलांना ते मुळीच पटले नाही. आधी जवारी शीक, मग बाकीचे पाहू, असे ते म्हणतात. इकडे विद्यार्थी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात आणि नव्या वाद्यांची मागणी रोडावते आहे. हातात वेळ थोडा असताना नेमके काय शिकावे?

उत्तर : खर्ज

मी गायन शिकवते. तुमच्या वडिलांचे म्हणणे मला पटते, आणि त्याचे कारण माझ्याच घरात घडले आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या तंबोऱ्याचा आवाज दबला, तेव्हा मी तो इथल्याच एका दुकानात दिला. त्यांनी घोडी इतकी घासली की जवारी पार खुली पडली आणि स्वर चिरका येऊ लागला. पुढे मिरजेचे एक वयस्क कारागीर घरी आले. कानशीचे दोन हात फिरवायचे, तार चढवायची, डोळे मिटून ऐकायचे आणि पुन्हा तार उतरवायची, असे चार तारांसाठी त्यांनी दोन तास घेतले. शेवटी तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर पुढे सरकवला आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे वेगळी तार नसताना आपोआप ऐकू येणारा ग, असा स्पष्ट उमटला की माझी विद्यार्थिनी गाता गाता थांबली. मोबाइलमधल्या तंबोऱ्याने सूर धरता येतो, पण हे ऐकू येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की तुम्ही वर्षभर तरी गाणे शिका. काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या बाईंना पंचमाची तार कशी हवी असते आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांना खर्ज कसा हवा असतो, हे गळ्यातून गेल्याशिवाय हाताला समजत नाही.

उत्तर : रंधा-करवत

मी वस्तुरचनेचा अभ्यासक आहे. वरील मत मान्य करूनही एक भर घालतो. जवारी कानानेच काढावी, पण काढताना वही ठेवावी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक तंबोऱ्याची पट्टी, तारांची जाडी, घोडीवर पडलेल्या खाचा आणि दोऱ्याची जागा टिपून ठेवा. घोडीचे बाजूने छायाचित्र घ्या आणि कामाआधीचा व नंतरचा आवाज एकाच खोलीत, एकाच अंतरावरून ध्वनिमुद्रित करा. अशा शंभर नोंदी झाल्या, तर वडिलांना आज शब्दांत सांगता येत नाही त्यातले बरेच तुमच्या हाती राहील.

नवीन काही करायचेच असेल तर ते वादकाच्या अडचणीतून यावे. विमानप्रवासात भोपळा फुटतो, ही परदेशी जाणाऱ्या गायकांची जुनी तक्रार आहे. भोपळ्याऐवजी लाकडी पेटीचे तंबोरे त्यासाठीच निघाले. त्यांचा नाद अजून भरीव करता येईल का, यावर तुमच्या घराने काम करावे असे मला मनापासून वाटते.

उत्तर : अर्जनवीस

एक व्यवहाराची गोष्ट. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ती नोंदणी संस्थांच्या नावे असते. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. तुमच्या वडिलांची ती झाली आहे का, हे आधी पाहा. वाणिज्य शाखेतले शिक्षण इथे खरे उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ता : सतारमेकर गल्ली

तिन्ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. वापरकर्त्याची नोंद झालेली नाही. तो अर्ज या आठवड्यात करतो. गाण्याचा वर्ग पुढच्या महिन्यापासून लावतो आहे. वहीला त्यांची हरकत नाही, मात्र दोऱ्याच्या जागेआधी त्या दिवशी हवा कोरडी होती की दमट हे लिही, असे त्यांनी बजावले. उद्या काळी चारचा एक जुना तंबोरा दुरुस्तीला येतो आहे. पहिली नोंद त्याचीच करीन.