संमती कुठल्या भाषेत घेतली?

'एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी असली की शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकाची जबाबदारी संपली' असं काहीजण म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. आईला खानापूरहून बेळगावला नेलं होतं, तेव्हा तिच्यापुढे एका अभ्यासाचं संमतीपत्र आलं, कन्नड आणि इंग्रजीत. तिला वाचता येतं ते मराठीच. "सही कुठं करू?" एवढंच तिने विचारलं. अशा सह्यांवरच पुढे निबंधात 'संमती घेतली होती' हे एक वाक्य छापून येतं. कुठल्या भाषेत घेतली, कोणी समजावलं, हे संपादकाने विचारायलाच हवं. आणि चूक कळल्यावर निबंध मागे घ्यायला उशीर नको. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, जेमतेम १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला आणि पूर्ण मागे घेतला थेट २०१० मध्ये! मधल्या काळात धास्तावलेल्या कितीतरी आईबापांनी मुलांना गोवराची लसच दिली नाही.