मदत हवी आहे: हा मासा खरा सफाईवाला रॅस की तोतया?

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला नील बेटावर स्नॉर्केलिंग करताना एक फोटो काढला. बोटाएवढा निळसर मासा, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, शेपटीकडे रुंद होत गेलेला. प्रवाळाच्या खडकाशी एक हेकरू (ग्रुपर मासा) तोंड वासून स्तब्ध उभा होता आणि हा पठ्ठ्या त्याच्या कल्ल्यात शिरून बाहेर येत होता! मला तो ब्लूस्ट्रीक क्लीनर रॅस वाटला. माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा, फार तर 14 सेंटीमीटर वाढणारा. यांचा कारभारही अजब: एक नर, चार-पाच माद्या; नर मेला की सगळ्यात मोठी मादीच नर होते.

पण मित्र म्हणतो, हा तोतया ब्लेनी असेल, जो सफाईचं सोंग करून गिऱ्हाइक माशाच्या पराचा (पोहायच्या पंखाचा) लचका तोडतो. तोतयाचं तोंड नाकाडाच्या खालच्या बाजूला असतं, खऱ्याचं अगदी टोकाला, एवढं ठाऊक आहे. माझ्या फोटोत नेमकं तोंडच हेकरूच्या कल्ल्याआड गेलंय.

तोंड न दिसता ओळखायची दुसरी खूण आहे का? पाठीवरच्या परावरून काही कळेल? आणि मालवणच्या खडकांत कुणी हा पाहिलाय का?