'तोंड सांभाळ', 'राखण' आणि 'बरं होणं'

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिलांच्या सभेसाठी दरवर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या दिवसांत एक छोटी पुस्तिका काढतो. चाळीस दिवसांची चाळीस मननं, प्रत्येकी एक पान. यंदा विषय ठरला तो रोजच्या घरातला: बोलण्यावर ताबा आणि दुखावलेलं मन. लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मथळ्यांपाशीच मी अडले. आधीच्या मसुद्यात 'वाणीसंयम' आणि 'भावनिक उपचार' असे दोन मथळे होते. सभेतल्या निम्म्या बाया शेतातून थेट येतात, पायाची माती झटकून सतरंजीवर बसतात. त्यातल्या एकीला विचारलं, "भावनिक उपचार म्हटलं की तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "दवाखान्यात दाखल करत्यात, ते?" चूक तिची नव्हती, शब्दाची होती. म्हणून ही चर्चा इथे मांडते आहे.

पहिला शब्द बोलण्याचा. आपल्याकडे तोंडाशी 'सांभाळणे' जोडलं की धमकी होते. "तोंड सांभाळून बोल!" हे कुणी स्वतःला म्हणत नाही, समोरच्याला म्हणतो, आणि म्हणताना आपलंच तोंड सुटलेलं असतं. बायबलमधल्या स्तोत्र १४१ मधली विनवणी याच्या बरोबर उलटी आहे. तिथला माणूस म्हणतो, परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार राख. बोट दुसऱ्याकडे नाही, स्वतःच्या ओठांकडे आहे.

'जिभेला लगाम' हा शब्द आपल्याला जवळचा आहे आणि शास्त्रातही त्याला आधार आहे. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात घोड्याचा लगाम येतो, तारवाचं सुकाणू येतं, रान पेटवणारी ठिणगी येते. पण तोच याकोब पुढे म्हणतो की पशुपक्षी माणसाने माणसाळवले, जीभ मात्र कुणालाच माणसाळवता येत नाही. आपलीही म्हण आहे, जिभेला हाड नाही. म्हणजे लगाम हातात असून भागत नाही. स्तोत्रकर्ता पहारेकरी मागतो तो यामुळेच.

हा पहारा कसला, ते मूळ शब्दावरून उलगडतं. तिथे हिब्रूतल्या 'शामर' या धातूचं कुळ आहे. एदेन बागेत आदामाला ठेवलं ते तिची मशागत करायला आणि ती राखायला, त्या 'राखायला'मध्येही हाच धातू. स्तोत्र १२१ मध्ये परमेश्वर तुझा रक्षक आहे म्हटलंय, तिथेही हाच. म्हणून मला 'राखण' हा शब्द सुचला. आमच्या नगर भागात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत पाखरं हाकायची, ती राखण. राखणीला गेलेला माणूस शेत झाकून ठेवत नाही. शेत उघडंच असतं, ऊन लागतं, वारा लागतो, दाणा भरतो. फक्त काय येतं आणि काय जातं यावर त्याची नजर असते. 'संयम' म्हटलं की मला दाबून धरलेली मूठ दिसते, 'राखण' म्हटलं की पिकावर जीव असलेला माणूस दिसतो. पुस्तिकेच्या पहिल्या भागाचा मथळा मी 'तोंडाची राखण' असा केला आहे.

राखायचं कशापासून? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२९) आपल्या मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'कुजके भाषण'. ज्या कुणी तो निवडला, त्याचे आभार मानावेत असा हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'साप्रोस'. मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात) तेराव्या अध्यायात जाळं ओढून किनाऱ्यावर आणल्यावर कोळी बसून चांगले मासे भांड्यात भरतात आणि टाकाऊ फेकून देतात, तिथे त्या टाकाऊ माशांना हाच शब्द वापरला आहे. आपल्या मराठीत 'कुजकं बोलणं' आधीपासून होतंच. कुजकं बोलणं म्हणजे शिवी नव्हे. शिवी ताजी असते, रागाच्या भरात येते आणि जाते. कुजकं बोलणं आत बरेच दिवस पडून राहिलेलं असतं. "असू दे बाई, आम्हाला कुठलं एवढं कळतंय!" यात एकही वाईट शब्द नाही, तरी वास येतो. शिव्या देऊ नका असं सांगणारी मननं पुष्कळ झाली. आमच्या सभेतल्या बाया शिव्या देत नाहीत, मीही देत नाही. आमचा प्रश्न कुजक्याचा आहे, आणि कुजतं तेच जे झाकून ठेवलेलं असतं.

एका वाचकाने विचारलं आहे, मग गप्प बसणं बरं नाही का? त्याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

गप्प बसण्याला मराठीत अनेक नावं आहेत आणि ती सगळी एक नाहीत. मौन वेगळं, मूग गिळणं वेगळं, अबोला तर फारच वेगळा. अबोला 'धरतात', जसा हट्ट धरतात तसा. ती न बोलता केलेली मारामारी असते. स्तोत्र ३९ चा लेखक तर ठरवूनच गप्प बसला होता, दुर्जनासमोर तोंडाला आवर घालून. चांगलं बोलणंही त्याने सोडलं. आणि तोच सांगतो, माझं दुःख वाढलं, आतल्या आत हृदय तापलं, विस्तव पेटला. शेवटी तो बोललाच, पण देवाशी.

माझं स्वतःचं सांगते. काही वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाईंचा मुलगा दहावीला नापास झाला. त्या रडत होत्या. मी जवळ बसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे घरी प्रार्थना होते का कधी?" वाक्य भक्तीचं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठून आत गेल्या. पुढे आठ महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी मनाची समजूत घातली होती की मी काही चुकीचं बोलले नाही, प्रार्थनेचंच तर विचारलं. खरं म्हणजे त्या वाक्यात माझी जुनी कुरकुर होती, त्या सभेला येत नाहीत याची. ती आत पडून कुजली होती आणि त्यांच्या दुःखाच्या दिवशी प्रार्थनेच्या कापडात गुंडाळून मी ती त्यांच्या ओटीत टाकली. शेवटी एका दुपारी मी गेले. त्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी वाईट बोलले. तुमचं दुखत होतं आणि मी माझा हिशोब काढला." त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. "बस. फोड." बराच वेळ नुसता शेंगांचा कटकट आवाज. मग म्हणाल्या, "लागलं होतं गं मला ते."

या 'लागणे'पाशी थोडं थांबते. शब्द लागतो, ठेच लागते, बाण लागतो. 'जिव्हारी लागणे'मधलं जिव्हार म्हणजे मर्मस्थान, जीव असतो ती जागा. पण औषधही 'लागू पडतं', आणि आमच्या मंडळीत उपदेश ऐकून आलेली बाई म्हणते, "आजचं वचन मला लागू पडलं." जखम करणाऱ्यालाही 'लागणे' आणि बरं करणाऱ्यालाही 'लागू पडणे'. नीतिसूत्रांत (१२:१८) नेमकी हीच जोडी समोरासमोर ठेवली आहे: एकाचं अविचारी बोलणं तलवारीसारखं भोसकतं, शहाण्याची जीभ आरोग्य देते. तिथला हिब्रू शब्द 'मार्पे' हा बरं करणे या अर्थाच्या 'राफा' धातूपासून आला आहे. दुखवणारा आणि बरं करणारा अवयव एकच, जीभ. म्हणूनच पुस्तिकेचे दोन भाग मला वेगळे ठेवता येईनात.

आता दुसरा मथळा. 'भावनिक उपचार' गेला, 'आंतरिक आरोग्य' हा शब्द काही प्रार्थनाशिबिरांत वापरतात, पण तो बोलीत उतरत नाही. मी 'बरं होणं' यावर आले आहे. साधा शब्द, पण त्याचा पसारा बघा. ताप उतरला की बरा. स्वभावाने बरा माणूस. "आता बरं वाटतंय" हे अंगाबद्दलही म्हणतो, मनाबद्दलही. "बरं झालं तू आलीस." आणि कुणी दुःख सांगत असताना आपण मधूनमधून नुसतं "बरं... बरं..." म्हणतो, म्हणजे ऐकते आहे, सांग.

बायबलच्या मराठीत या शब्दाची एक जागा मला फार मोलाची वाटते. मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. येशू तिला म्हणतो, "मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." लूकच्या सातव्या अध्यायात परूश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या) घरी एक बाई त्याचे पाय आसवांनी भिजवते. तिला तो म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे." मराठीत दोन क्रियापदं, ग्रीकमध्ये मात्र दोन्हीकडे एकच, 'सोझो'. तारणं आणि बरं करणं तिथे एकाच शब्दात राहतात. आपल्या भाषांतरकारांनी एकीच्या देहाकडे बघून 'बरे' घेतलं, दुसरीच्या पापाकडे बघून 'तारले'. दोन्ही योग्यच. पण पहिल्या बाईची गोष्ट नीट वाचा. तिचं शरीर शिवताक्षणी बरं झालं होतं. ती गुपचूप निघून जाऊ शकली असती. येशू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो, आणि ती थरथरत पाया पडून सगळं सांगते. बारा वर्षं लोकांपासून लांब राहिलेली बाई भर गर्दीत बोलते. त्यानंतर तो तिला 'मुली' म्हणतो. मला वाटतं तिचं मन तिथे बरं झालं.

यावर एक आक्षेप आला आहे की "बरं होणं म्हटलं की लोक डॉक्टरकडे जायचं सोडून नुसती प्रार्थना करत बसतील." ही काळजी खरी आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, अशा बाईला "विश्वास कमी पडतो" म्हणणं हेसुद्धा कुजकंच बोलणं आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने आधी त्याला झोपू दिलं, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिलं. उपदेश केला नाही. आणि प्रेषित पौल लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा करतो. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर आम्ही सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापतो आहोत.

आणखी एकाने विचारलंय, बायबलमध्ये 'मन मोकळं करणं' आहे का, की ते आजकालच्या समुपदेशनातून आलं? आहे तर. स्तोत्र ६२ मध्ये, "त्याच्यापुढे आपले मन मोकळे करा." मूळ हिब्रूत क्रियापद 'ओतणे' आहे, हृदय ओता. मराठीत 'ओतणे' घेतलं असतं तर अर्थ कळला असता, पण आपलं वाटलं नसतं. 'मोकळं' हा आपला शब्द. केस मोकळे, रान मोकळं, गाय मोकळी, मन मोकळं.

याच 'ओतण्या'ची सगळ्यात सुंदर गोष्ट हन्नाची, १ शमुवेलच्या पहिल्याच अध्यायात. तिला मूल नाही. त्या एका अध्यायात तिच्याशी तीन माणसं बोलतात आणि तिघांच्या बोलण्याच्या तीन तऱ्हा. सवत पनिन्ना वर्षानुवर्षं टोमणे मारते. नवरा एलकाना प्रेमाने समजूत घालतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, म्हणतो. (समजूत घालणं आणि समजून घेणं यात केवढं अंतर आहे!) आणि याजक एली मंदिराच्या दाराशी बसून तिचे ओठ हलताना बघतो, आवाज येत नाही म्हणून तिला म्हणतो, किती वेळ नशेत राहणार? दुखऱ्या बाईला खुद्द देवाच्या घरात हे ऐकावं लागलं. हन्ना उलट बोलत नाही आणि गप्पही बसत नाही. स्वामी, मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे, एवढं सांगते. तोंडाची राखण म्हणजे काय याचं मला याहून नेमकं उदाहरण सापडलं नाही. आणि एली ऐकतो. आपलं वाक्य मागे घेऊन "शांतीने जा" म्हणतो. ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहत नाही. मूल अजून पोटातही नाही. ती मात्र तेव्हाच बरी झाली.

एकविसाव्या दिवसाचं पान मी हन्नाला दिलं आहे.

एक विनंती. गोव्यात आभार मानताना कोंकणीत "देव बरें करूं" म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मराठी कानाला त्यात 'देव तुला बरं करो' असंही ऐकू येतं, आणि मला ते फार आवडतं. वसईच्या बोलीत, वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात दुखावलेलं मन सावरलं की काय म्हणतात? तुमच्या आजीच्या, आईच्या तोंडचा शब्द असेल तर कळवा. जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात 'जीव थाऱ्यावर आला' म्हणत्यात." थारा म्हणजे टेकायला जागा. हा शब्द मी चाळिसाव्या पानासाठी राखून ठेवला आहे.